अर्धी राहिलेली साक्ष

बुन्योनी तळ्याकाठी,
मंगळवार सकाळ

प्रिय केझिया,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर मी अजून तसंच लांब शेपटीचं काढतो. तू हसायचीस त्याला. म्हणायचीस, मास्तर, एवढी शेपटी कशाला, त्याला काय माश्या हाकायच्यात? बावन्न वर्षं झाली ते ऐकून. तुझा पत्ता आमच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या नर्सनं, पेरुसीनं दिला. ती तुझ्या धाकट्या सुनेची बहीण निघाली. माझ्या गुडघ्याचं पाणी काढता काढता तिनं तुझं सगळं सांगितलं. तुझे यजमान गेले, तू फोर्ट पोर्टलला थोरल्याकडे असतेस, मटार अजून स्वतः सोलतेस, दुसऱ्या कुणी सोललेला तुला चालत नाही. आणि सहज म्हणाली, आजी दर रविवारी देवळात जातात, पण गाणं सुरू झालं की उठून बाहेर पायरीवर बसतात, का ते कुणालाच कळत नाही. मलाही कळत नाही, असं मी तिला म्हणालो. खोटं बोललो.

इथलं सांगायचं तर माझी बायको युनिया जाऊन चार वर्षं झाली. चांगली बाई होती. घर शांत आहे. सकाळी धुकं तळ्यावरून चढून दारापर्यंत येतं आणि मी ओसरीवर घोंगडी पांघरून बसतो, तेव्हा समोरच्या वाटेनं शाळेची पोरं अजून आपलंच गाणं म्हणत उतरतात:

डोंगरा, डोंगरा, धुकं काढ पाहू,
घंटा झाली शाळेची, किती वाट पाहू?

हे एनोका मास्तरांनी, म्हणजे मी, रचलं, असं गावात सगळे मानतात. दुसरी ओळ तुझी आहे हे कुणाला ठाऊक नाही. आपण दोघं होडीत होतो, मी पहिल्या ओळीवर अडलो होतो आणि तू वल्ह्यावरचा हात न काढता ती पुरी केलीस. मीही ते कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात पुष्कळ गोष्टींची पहिलीच ओळ लोकांना ठाऊक आहे.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेची नवी खोली उघडायची आहे. तिला माझं नाव देणार आहेत. दारावर दगड बसवायचा, आणि त्यावर काय कोरायचं तेही मंडळीनं ठरवलंय. माझं नाव ज्या पुरातन माणसावरून ठेवलं, तो देवाबरोबर चालला आणि देवाला आवडला, एवढंच त्याच्याविषयी पवित्र शास्त्रात लिहिलेलं आहे. तेच माझ्या नावाखाली येणार: देवाला आवडलेला माणूस. पाथरवट पाळकसाहेबांना म्हणाला, मोठा मजकूर आहे, दगड वाढवावा लागेल. सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही. हा मजकूर खरा की खोटा, हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच उरलंय, आणि ते देवळाच्या पायरीवर बसतं.

तुझी आई मला आठवते, केझिया. आता तर माझ्या आईपेक्षा जास्त आठवते. मला ती बगळा म्हणायची. आला का गं तुझा बगळा, पुस्तकात चोच घालून? आपण तारण पावलेली माणसं. आपल्या घरांतून ज्वारीची दारू व्हायची नाही, आंबील तेवढी व्हायची. आणि ती जुन्या चालीची, बाप्तिस्म्याचं नाव काढलं की कूस बदलणारी. त्या शेवटच्या आठवड्यात तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. तिनं एकच मागितलं: तिच्या माहेरच्या चवीची ज्वारीची दारू, तुंब्यातून, बोरूच्या नळीनं. तू नाही म्हणालीस आणि तोंड फिरवून रडत बसलीस. तेव्हा तिनं मला हाक मारली. म्हणाली, ए बगळ्या, तुमच्या येशूनं म्हणे परक्याच्या लग्नात सहा रांजण दारूनं भरून दिले. मी एक तुंबा मागते तर माझी लेक तोंड फिरवते. तो एवढ्या मोठ्या मनाचा, आणि तुम्ही असे कसे रे?

पुढं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. आणि जगाला जे ठाऊक आहे तेही तुला ठाऊक आहे. आईला मूठमाती देऊन पंधरा दिवस झाले होते. शनिवारी दुपारी मंडळी जमली. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. ज्याच्या पोटात अंधार असेल त्यानं उजेडात यावं, असं पाळक म्हणाले. माझ्या आधी तिघांनी कबुली दिली. एकानं मेव्हण्याची कुदळ ढापली होती, आणि ऐकताना मेव्हणाच सगळ्यांत मोठ्यानं रडला. मी उठलो. म्हणालो, आपल्या एका बहिणीनं मरणाऱ्या आईला दारू पाजली, मी ते पाहिलं आणि प्रेमापोटी गप्प राहिलो. एवढं बोलून श्वास घेतला, तोच गाणं सुरू झालं. आपली रीतच ती. माणूस मोकळा झाला की लोक उठतात, गातात, मिठ्या मारतात. मुख्याध्यापकांनीही मला मिठी मारली, कधी नव्हे ती. माझं बोलणं संपलं नव्हतं. पण मी थांबा म्हणालो नाही. मी गाऊ लागलो.

तू गात नव्हतीस. तीन कडवी झाली, आणि तिन्ही कडवी तू माझ्याकडे पाहत होतीस, उरलेलं ऐकायला. मग तुला उभं केलं. तू म्हणालीस, होय, मी पाजली. पुढं एक अक्षर नाही. मुलींचा वर्ग काढून घेतला तेव्हा नाही, गायनातून काढलं तेव्हा नाही, तुझ्या भावानं तुला तोरोला मामाकडे धाडलं तेव्हाही नाही. आपल्या लग्नात तुझ्या घरी द्यायच्या गाई ठरल्या होत्या. पाळक मला म्हणाले, थोडं थांब. मी थांबलो. थांबण्यात मी फार हुशार निघालो. तू गेलीस त्या सकाळी मी वर्गात होतो, आणि मुलं ते डोंगराचं गाणं म्हणत होती.

त्यानंतर त्या साक्षीवर मी जगलो. ती सांगायला मला काबालेला नेलं, म्बरारालाही. प्रेमापेक्षा देव मोठा मानणारा मास्तर, अशी माझी ओळख करून देत. मी सांगायचो आणि दर वेळी त्याच जागी श्वास घ्यायचो, आणि दर वेळी त्याच जागी लोक गाणं धरायचे. सरावानं मला नेमकी जागा कळली होती. युनियानं ती साक्ष वीसेक वेळा ऐकली असेल. तिलाही मी कधी उरलेलं सांगितलं नाही.

तर उरलेलं असं. दारू मी आणली. भर दुपारी होडी घेऊन पलीकडच्या काठाला माझ्या चुलत्याकडे गेलो, तुंबा टोपलीत ठेवला आणि वर मुलांच्या वह्या रचल्या. तू दारात वाट अडवून उभी होतीस. विचारलंस, हे देवाला चालेल का? मी म्हणालो, चालेल, मी सांगतो ना. नळी तुझ्या हाती मीच दिली. आई दोन घोट प्यायली, ओठ पुसले, आणि म्हणाली, बगळ्या, ज्यानं तुला एवढं वल्हवायला लावलं त्याच्याशी माझी ओळख करून दे आता. मग आपण तिघांनी हात धरून प्रार्थना केली. पहाटेला ती गेली. केझिया, माझ्या साऱ्या आयुष्यात देवाला आवडलं असेल असं मला एवढं एकच काम आठवतं, आणि त्याचंच मी पाप केलं, आणि ते पाप तुझ्या नावावर केलं. हे सगळं मला त्या रविवारी, दगड बसवण्याआधी, उभं राहून सांगायचं आहे. पण मागच्या वेळी मी तुला न विचारता बोललो. आई तुझी, आणि सोसलंस तू. म्हणून या वेळी आधी विचारतो. नको म्हणालीस तर मी गप्प राहीन, पण दगडावरची ती ओळ खोडून घेईन. हो म्हणालीस तर पेरुसीपाशी नुसता निरोप दे. आणि तू स्वतः आलीसच, तर आत येऊन बस, उठून जावं लागणार नाही. गाणाऱ्यांना मी आताच सांगून ठेवलंय: म्हातारा खाली बसेपर्यंत कुणी गाणं धरायचं नाही, मध्ये त्यानं कितीही वेळा श्वास घेतला तरी.

त्या तीन कडव्यांनंतर तुझ्याकडे पाहण्याचं धाडस न झालेला, तरीही तुझाच,

एनोका