पुढचा शाफ्ट काढला

शुक्रवार, १४ ऑगस्ट १९९८

काल नारायणगावच्या मिस्त्रीकडून जीपचा पुढचा शाफ्ट काढून घेतला. चारी चाकं ओढायला डिझेल लई जायचं. आता जोर फक्त मागच्या दोन चाकांना. सकाळी जुन्नरहून सीटा भरून निघालो तेव्हा लई खूष व्हतो.

घाटघरच्या चढाला चिखलात मागची चाकं जागेवरच गरगर फिराया लागली. सीटा उतरून दुसऱ्या जीपनं गेल्या असत्या तर? शेजारी बसलेले सरपंच म्हणाले, “राव, मागं वजन पायजे.”

आता मागच्या दारावर तर मीच रंगवून घेतलंय, ‘मागे लटकू नये’. त्यावरून किती जणांशी भांडलोय! आज मीच हात जोडले, “भाऊ, जरा मागं लटका की.”

सगळे हसत पायरीवर चढले. सरपंचांनीही धोतर खोचलं अन् पुढची मानाची सीट सोडून त्यांच्यात घुसले. गाडी सुर्रकन वर!

शाफ्ट परत बसवू का? छे. डिझेल वाचतंय, अन् सरपंच तर म्हणाले, “परवा परत येतो, लई मजा आली.”

उद्या पेंटरला गाठतो. ‘मागे लटकू नये’च्या खाली बारीक अक्षरात एक ओळ हवी: घाटघरचा चढ सोडून.