राणीच्या नळीसाठी दारात उभी राहिले, त्याची हकीकत

आदरणीय रत्नपालदादास,

हिंगोलीकडच्या गोरेगावहून तुमच्या धाकट्या बहिणीचा कडक जयभीम. तुमची पाठ कशी हाय? वहिनी बऱ्या हायेत ना? आमी समदे मजेत हाओत अन् तुमच्यावर रागात हाओत. (म्हंजी मी एकटीच. बाकीचे तुमच्या पार्टीत गेले.)

माझ्या तान्ह्या राणीला खोकला झाला, मग बरगड्या आत ओढायला लागल्या, दूध ओढायलाबी दम पुरंना, म्हणून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकाला बारीक नळी लावली, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. घशात काही घालायचं न्हाई, निसती दाबाची हवा, त्यानं फुफ्फुस मिटत न्हाई. बाटलीत सारखे बुडबुडे. (सासूबाई म्हणल्या, ह्यो इलाज हाय का सोडा वॉटर?) यांनी, म्हंजी तुमच्या दाजींनी, घाबरून तुमाला फोन लावला अन् तुमी पुण्यात बसून हुकूम सोडला, की बुडबुड्यानं लेकरू बरं व्हत न्हाई, नांदेडला मोठ्या मशीनवर टाका. वरून गावातल्या ओमप्रकाशची जीप धाडली. तिच्यात आपली मावशी अन् एक रिकामा हंडा. (हंडा काहून, ते मावशीलाबी ठाऊक न्हाई.)

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणल्या, "पोरगी सुधरून राहिली. आत्ता नळी काढून नेली तर वाटेतच दमंल. मोठं मशीन लागलंच तर मीच ॲम्बुलन्सनं धाडीन."

झालं, जीप आली तशी मी वार्डाच्या दारात आडवी उभी राहिले. ओमप्रकाश म्हणला, "ताई, दादाचा हुकूम हाय." मी म्हणलं, "लेकरू माझं हाय. हुकूम दादालाच वापस ने." मावशी माझ्या हाताखालून आत घुसली अन् राणीला उचलाया वाकली. तवा सासूबाईंनीच तिच्या हातावर फटका मारला! "बरगड्या बघ," म्हणल्या, "सकाळपेक्षा कमी ओढून राहिल्या. हात लावशील तर याद राख." जीप मावशी अन् हंडा घेऊन वापस गेली.

नळी निघाली, दादा. राणी पोटभर दूध प्याली अन् डॉक्टरीणबाईंच्या कोटावर ओकली. आता घरी हाय. मी माफी मागणार न्हाई, अन् पुन्हा असा हुकूम आला तर पुन्हा दारात उभी राहीन.

तुमची न ऐकणारी,
करुणा

ता.क. मी जराबी भ्याले नव्हते.

ता.क. दुसरं : वरचं खोटं हाय. अजूनबी तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहते, डोळा लागत न्हाई. दोन रोज येऊन राहा. पोरीला तुमी धरा, मला झोपायचं हाय.