एका दमातलं गाऱ्हाणं

प्रिय मोतीराम,

तू नाहीस तर हर्राशीच्या लिलावात भाव पाडायची मजाच गेली. बाकीचे वांगेवाले मी बोलेन त्याला मान डोलावतात; टोपलं उचलून मलकापूरला निघण्याची धमकी देणारा तू एकटाच होतास. पुण्याहून प्रत्येक फोनवर तू एकच विचारतोस, घरी कधी जाऊ. आणि तुझा प्रज्वल म्हणतो, मोताळ्यात दम उसळला तर कोण धावेल? पोरगं चुकीचं बोलत नाही. मागच्या थंडीत गाडी मिळेपर्यंत तुझी नखं निळी पडलेली त्यानं पाहिलीत.

तू गेल्यावर मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, तुमचे लोक येतात तेच निळे होऊन. खोकला वाढला, बेडका बदलला, तेव्हाच कळवलं तर निम्मे घरीच सावरतील. आता आपले लोक सांगतील का? तूच आठव, धापा टाकत "थोडासा कफ आहे" म्हणायचास. पण आवाज खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक वर किती जाईल हे मी त्याच्या श्वासावरून ओळखत आलो, त्यावरच तर हमालाचा अडत्या झालो. मग ठरवलं, छातीचा जुना आजार असलेल्या प्रत्येकानं सकाळी मला फोन करायचा आणि हर्राशीची बोली एका दमात म्हणायची. बोली मध्येच तुटली की मी दवाखान्यात कळवणार. बाई हसल्या, पण हो म्हणाल्या. वर बजावलं, कान तुमचा, औषध माझं, आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन प्रत्येक घरी पाहिजेच. माझा भाचा मोईज, त्याची गाडी आता सकाळी भाजी उतरवली की माझ्या दारात उभी असते.

दवाखान्यातली पुष्पांजली सिस्टर घरोघर दम्याचा पंप ओढायला शिकवते. सरस्वतीबाईंकडे गेली तर पंप देवघरात, हळदकुंकू लावलेला. रोज वापरला तर त्याची ताकद संपेल, म्हणून बाईंनी अडीनडीला जपून ठेवला होता! सिस्टरनं देवाची माफी मागून तो खाली काढला. चुलीच्या धुरानं जन्मभर छाती जाळली, तरी तोंड शाबूत आहे बाईंचं. हर्राशीची बोली म्हणणार नाही म्हणाल्या, ते बाप्यांचं काम. मग काय म्हणता? तर सुनेचं गाऱ्हाणं. रोज सकाळी एका दमात ऐकतो बाबा मी: माही सून योगिनी, भाजीत मीठ नाही, चहात साखर नाही, अन् फोन काही खाली ठेवत नाही. आणि ती योगिनीच सासूला फोन लावून देते, शेजारी उभी राहून हसते.

गेल्या बाजाराच्या दिवशी फोन आला. "माही सून" एवढंच आलं. पुढे नुसता श्वास, चाळणीतून वारा गेल्यासारखा. मी विचारायच्या आत योगिनीनं फोन घेतला. म्हणाली, मशीनवरचा आकडा खाली गेलाय, सिस्टरनं शिकवला तसा पंप नळी लावून देतेय, गाडी पाठवा. बाजाराच्या गर्दीतून मोईजनं गाडी कशी काढली त्यालाच ठाऊक. दवाखान्यात आधीच कळवलं होतं, ऑक्सिजन तयार होता. संध्याकाळी सरस्वतीबाई उठून बसल्या आणि पहिला शब्द काय, तर दवाखान्याच्या वरणात मीठ नाही. योगिनी पदर तोंडाला लावून हसत होती, रडतही होती.

आता खरं सांगतो. त्या सकाळी प्रज्वल माझ्या समोरच चहा पीत बसला होता. तुला ऑफिसच्या कामाला नागपूरला जातो म्हणाला, पण उतरला मलकापूरला. आपली व्यवस्था खरी की वाहेदकाकाच्या गप्पा, हे पाहायला आला होता. पोरगं तुझंच, सहज फसणारं नाही. तो गाडीत मोईजशेजारी बसून गेला, डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावलं, आणि परत माझ्याकडे आला. पुण्याची सगळी मराठी गळून पडली, म्हणाला, "काका, बाबाले आणून सोडतो. पण सकायचा फोन चुकला त पुन्हा घेऊन जाईन."

तिकीट काढलंय त्यानं. त्यालाही मी अडवलं, म्हटलं तू सांगू नको, मीही फोनवर सांगत नाही. ही बातमी कानावर पडली की तू उठून ओरडणार, खोकणार, छाती भरून घेणार, आणि तिथले डॉक्टर पुन्हा महिनाभर हलू देणार नाहीत. म्हणून पत्र लिहिलं. बसून वाच, दोन घोट पाणी पी, पंप घे, आणि मग हळूच बॅग भर.

वांग्यांना यंदाही भाव देणार नाही,
तुझाच
वाहेद