मनोऱ्याच्या खिडकीतला हिरवा दिवा

गुरुवार, संध्याकाळ

१. सिनेमात मेलेली राणी खरं तर जिवंत आहे, असा लेख मेधाने आणि मी इंटरनेटवरच्या सिनेमाप्रेमींच्या गटात लिहिला. पुरावा एकच: मनोऱ्याच्या खिडकीत क्षणभर चमकणारा हिरवा दिवा.
२. दोघींनी गंगापूर रोडच्या दुकानातली एकच सीडी पाहिली होती.
३. आज दुसरी सीडी लावली. खिडकी काळीच. दिवा म्हणजे पहिल्या सीडीवरचा ओरखडा.

मी इंजिनिअर असून हे आधी का नाही तपासलं?

फोनवर मेधा म्हणाली, "तुला काय गं, सगळंच मोजून बघायचं असतं! राहू दे ना तो दिवा."

तिची आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच कशात तरी रमली होती. बरोबर असण्याचाही कंटाळा येतो.

शेवटी मेल केला: "मेधा, लेखावर नाव दोघींचं आहे. तुला विचारल्याशिवाय खुलासा टाकणार नाही. रविवारपर्यंत कळव."