मागच्या भिंतीजवळचा तेरडा

३ जून, मंगळवार

यंदा इरजिकीचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या उपटणीचं, पुढारपण मी घेणार. ठरलं.

ग्लॅशीन ओढ्याच्या काठी तेरडा माजला आहे. कुंडीतला नाजूक तेरडा नव्हे. हा हिमालयातून आलेला, पुरुषभर उंचीचा, गुलाबी. दर उन्हाळ्यात मासेमारी क्लबातली माणसं जमतात, उपटतात, कंबर धरून घरी जातात, आणि पुढच्या वर्षी तो दुप्पट. थंडीत मरतो, काठ उघडा पडतो, माती ओढ्यात जाते, गोट्यांवर गाळ बसतो. ट्राउट माशांनी अंडी घालायची कुठे? गेल्या डिसेंबरात फिंटनच्या डोहात एकही जोडी आली नाही. हे मलाकीने मला अगदी हळू आवाजात सांगितलं. फिंटनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं झाली, तरी लोक माझ्याशी आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं बोलतात. मला आता काही होत नाही.

पद्धत नाही, हे मूळ दुखणं. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नस जिना झाडायला लावायच्या तेव्हा म्हणायच्या, वरच्या पायरीपासून, मुली, केर खालीच येतो. ओढ्याचंही तेच. बी पाण्याबरोबर खाली येतं.

निश्चय: वरून सुरुवात. चहात एकच चमचा साखर. रोजनिशी नियमित.

७ जून, शनिवार

पुलापासून सुरुवात केली. म्हणजे अगदी खालून.

मी मलाकीला विचारलं, वरून का नको? (मलाकी क्लबचा सेक्रेटरी, पूर्वीचा पोस्टमास्तर, फिंटनचा शाळेपासूनचा दोस्त.) त्याने आधी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, पुलाजवळ गाड्या लावता येतात. क्लबातली कन्सेप्टा म्हणाली, आणि पबातला संडास जवळ आहे, आपल्या वयाला तो आधी बघावा, तेरडा पळून जात नाही. सगळे हसले. पहिल्याच दिवशी ताणायला नको म्हणून मी सोडून दिलं.

फिंटनचे कमरेपर्यंतचे रबरी बूट घातले. वर्तमानपत्रं कोंबली तरी डाव्यात पाणी. उपटलेली झाडं: सात. उरलेला वेळ देखरेख.

८ जून, रविवार

एक खुलासा, माझा मला.

माझ्या परसात, मागच्या भिंतीजवळ, ओढ्याला लागून जी फुलं आहेत त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. रंग तोच, उंची तीच, पानं तशीच. पण ती बागेतली आहेत. वळण लागलेली.

कॉन्व्हेंटात ती मेरीच्या मूर्तीच्या गुहेपाशी होती. ऑगस्टच्या मिरवणुकीत आम्ही पोरी जपमाळ म्हणता म्हणता शेंगा चिमटायचो. टप्पकन फुटायच्या. सिस्टर बेनिग्नस मागे न बघता म्हणायच्या, डिम्फना. शेंग कुणीही फोडलेली असो, नाव माझं. कॉन्व्हेंट बंद झालं त्या वर्षी फिंटन जाऊन त्यांच्याकडून मूठभर बी मागून घेऊन आला, ॲस्पिरिनच्या बाटलीत. आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती. दुसऱ्या बायकांना अंगठ्या मिळतात.

पुढे पुढे दर सप्टेंबरात, संध्याकाळी, तो त्या भिंतीपाशी तास तासभर उभा असायचा. घराकडे पाठ. तो फुलं बघायचा, मी खिडकीतून त्याला बघायची.

तो गेल्यावर मार्चमध्ये शेड आवरताना बेकरीच्या कागदी पिशव्या सापडल्या. सतरा. तोंडं दोऱ्याने बांधलेली, आत हेच बी. माझ्यासाठी जपून ठेवलेलं. मी सगळं पेरलं, दाणाही वाया घालवला नाही. आता भिंत दिसत नाही इतकं आलं आहे.

२१ जून, शनिवार

मत्स्यखात्याकडून एक मुलगी आली आहे, ब्रोना. नाकात चमकी, हातात नकाशा. म्हणाली, प्रत्येक झाडाची आई वरच्या अंगाला असते. सगळ्यांत वरचं झाड सापडेपर्यंत खाली उपटणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मी हेच सांगत होते. मलाकी म्हणाला, चला, जेवून घेऊ. तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

चहात साखर: दीड. ओलं झाल्यामुळे.

५ जुलै, शनिवार

ब्रोनाच्या आग्रहाने वर चढायला निघालो. फिंटनच्या डोहापर्यंत पोचलो. गुडघाभर पाण्यात गोटे दिसत नाहीत, सगळा गाळ. तिथून एक वळण घेतलं की माझी भिंत. नेमका तिथे मलाकी खाजकुइरीसारख्या त्या बोचऱ्या झुडपांत पडला. पन्नास वर्षं त्या काठाने डोळे मिटून चाललेला माणूस. कन्सेप्टा ओरडली, अरे देवा, मेला की काय! मलाकी आडवा पडून म्हणाला, नाही, पण परत न्या मला. सगळे त्याला घेऊन परत. ब्रोनाच्या नकाशातलं वळण कोरंच राहिलं.

मी त्याच्या हाताला मलम लावलं. म्हटलं, सांभाळून रे, म्हातारा झालास. म्हणाला, काय करू, एकच वळण आहे, दर वर्षी काही ना काही शोधावं लागतं. याचा अर्थ लागला नाही. ताप असेल.

१९ जुलै, शनिवार

काम संपल्यावर नेहमीप्रमाणे सगळे माझ्या स्वयंपाकघरात. चहा, हॅमची सँडविचं, मनुकांचा पाव. ब्रोना पहिल्यांदाच आली. भांडी घ्यायला सिंकपाशी गेली आणि खिडकीतून बघत राहिली. कन्सेप्टाने तिला दंडाला धरून फिरवलं, हे बघ, हा पोपचा फोटो, डिम्फनाच्या आईने रोमहून आणलेला. कन्सेप्टाला त्या फोटोबद्दल एवढं प्रेम आहे हे मला माहीत नव्हतं.

ब्रोनाने फोटो बघितला. मग विचारलं, मिसेस स्कॅनलन, मागे ते काय लावलंय तुम्ही? मलाकीने चौथं सँडविच अख्खं तोंडात घातलं. मी तिला दोन्हींतला फरक नीट समजावून सांगितला. ती म्हणाली, फरक नाहीये हो, तेच आहे. सौम्यपणे म्हणाली, हे खरं. मी तिला पावाचा आणखी एक तुकडा दिला. आजकालच्या मुलांना सगळं फोनवरून माहीत असतं, फुलाजवळ जाऊन कुणी बघत नाही.

२० जुलै, रविवार

जवळ जाऊन बघितलं. देठ तोच. लालसर, पोकळ, गाठी गाठींचा.

तरीही. समजा तेच असलं, तर काढून टाकीन, त्यात काय. मी काही भावनेच्या आहारी जाणारी बाई नाही. फिंटनचे कपडे तिसऱ्या आठवड्यात चर्चला देऊन टाकले होते, बूट सोडून. बूट कामाचे म्हणून ठेवले.

निश्चय: या आठवड्यात काढायची. बुधवारी.

२३ जुलै, बुधवार

गुडघा.

२ ऑगस्ट, शनिवार

ब्रोनाने निघताना बाजूला घेऊन सांगितलं, शेंगा धरायच्या आत काढा, नंतर हात लावला की फुटतात, सगळं बी पाण्यात. हवं तर आम्ही येतो. म्हटलं, माझं मी करीन. मधमाश्यांचा मोसम संपू दे. आणि मेरीचा सण तोंडावर आहे, फुलदाणीला लागतील. सोळा तारखेला पहाटे काढते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

फुलदाणी भरून फिंटनच्या फोटोपुढे ठेवली. दुपारपर्यंत माना टाकल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. याने तेवढीही वाट बघितली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

पाऊस. फार नव्हता, पण होता.

२३ ऑगस्ट, शनिवार

इरजिकीला कुणी बोलावलंच नाही. पुढारी मी, आणि मलाच निरोप नाही. जाब विचारायला मलाकीच्या घरी गेले. कन्सेप्टा तिथेच बसली होती. तिनेच तोंड उघडलं. म्हणाली, अगं बाई, अकरा वर्षं आम्ही पुलापासून सुरू करतोय, ते काय संडासासाठी?

मग मलाकीने सांगितलं. वरून सुरुवात करायची नाही, असं फिंटननेच ठरवून दिलं होतं. तो म्हणाला होता, वर डिम्फनाची फुलं आहेत, तिला तीच एक गोष्ट कॉन्व्हेंटातली उरली आहे. तिला कुणी काही बोलायचं नाही, बियांचं मी बघतो. आणि बघायचा. दर सप्टेंबरात तासन् तास उभा राहून शेंगा धरलेल्या एकेका शेंड्याला कागदी पिशवी घालायचा, पिशवीतच खुडायचा, दाणाभरही ओढ्यात जाऊ द्यायचा नाही. पहिली थंडी पडली की सगळ्या पिशव्या स्टोव्हमध्ये. मला आठवलं. पहिल्या थंडीला स्टोव्ह तोच पेटवायचा, आणि आत काहीतरी तडतडायचं. मी म्हणायची, लाकूड ओलं आहे. तो म्हणायचा, असेल.

शेवटच्या वर्षी ऑक्टोबरात तो हॉस्पिटलात गेला. तेव्हा स्टोव्ह पेटला नव्हता.

मलाकी म्हणाला, त्या वर्षीच्या पिशव्यांचं काय झालं कोण जाणे, दोन वर्षांत एवढा माजला कुठून तेच कळत नाही.

मी म्हटलं, जाळल्या मी.

तो म्हणाला, बरं केलंस.

चालत घरी आले. बटाटे उकडले, खाल्ले. भांडी घासली. काही वाटलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

बेकरीतून पन्नास पिशव्या आणल्या. बाई म्हणाली, पार्टी आहे वाटतं? म्हटलं, हो.

फिंटनसारखं करून बघितलं. पिशवी शेंड्याजवळ नेली, बाही लागली, आणि टप्. मग शेजारची टप्. मग सगळी भिंत. बी पाण्यावर पडताना दिसत होतं, फार बारीक असतं. फिंटनचा हात कसा जात असेल, मी इतकी वर्षं खिडकीतून बघत होते आणि हात एकदाही बघितला नाही. पाठच बघितली.

भरलेल्या पिशव्या: चार. मलाकीला फोन केला. म्हटलं, या. वरून सुरू करू.

६ सप्टेंबर, शनिवार

नऊ जण आले. पहिल्यांदाच मागच्या फाटकाने. ब्रोनाने एकेका शेंड्याला पिशवी कशी घालायची ते दाखवलं, आणि मलाकी म्हणाला, पोरी, हे मला शिकवू नकोस, मी उस्तादाला बघितलंय. बरंचसं बी आधीच गेलं होतं. कुणी तसं म्हटलं नाही. कन्सेप्टा एकटी बोलत होती, तिच्या सुनेबद्दल, अखंड. तिचे उपकार.

शेवटी एक झाड उरलं. मलाकीने विचारलं, हे एक ठेवू का गं? एकाने काय होतंय. म्हटलं, एकानेच होतं. माझ्या हाताने उपटलं. मुळं किती कमी असतात. बोटाएवढी.

चहा झाला. साखर तीन चमचे. सगळ्यांनी पावाचं कौतुक केलं.

ब्रोना म्हणाली, मातीत बी दोन वर्षं जिवंत राहतं, तोवर काढत राहायचं, मग ट्राउट येतील परत. म्हटलं, दोन वर्षांची सवय आहे.

७ सप्टेंबर, रविवार

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढा दिसतो. विसरलेच होते.

२० सप्टेंबर, शनिवार

पिशव्या पुलाजवळ नेऊन जाळल्या त्यांनी, सगळ्या मोजून. एक माझ्याकडे राहिली आहे. शेवटच्या झाडाची. दोऱ्याने तोंड बांधून फिंटनच्या बुटात ठेवली आहे, डाव्या.

पेरायची नाही, हे नक्की. पहिली थंडी पडली की स्टोव्हमध्ये टाकीन.

१८ ऑक्टोबर, शनिवार

थंडी पडली. सगळ्या गल्लीत धूर आहे. मी अंगावर दोन स्वेटर घालून बसले आहे. एवढ्यात स्टोव्ह पेटवण्याइतकी काही नाही.