जॅकेटावरचे टाके

३ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

होडी चालवायचा परवाना मिळाल्याचं तुझं पत्र पोचलं. दुकानात येईल त्याला वाचून दाखवलं. शेवटी शेजारचा दोरखंडवाला म्हणाला, आता आम्हाला पाठ झालं, पुरे करा. फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस, डावा कान पार गेला आणि उजवा त्याच्या वाटेवर आहे. पत्रच बरं, त्यात मला सगळं ऐकू येतं.

पण परवाना मिळाला म्हणजे अक्कल आली असं नाही, बाईसाहेब! तीस वर्षं मी लोकांच्या होड्यांची शिडं शिवते आहे. फाटून आलेलं शीड बघितलं की मालक किती घाईचा ते कळतं. तेव्हा ऐक. वारा वाढतोय, शीड कमी करावं का, असं मनात आलं की तेव्हाच कमी करायचं, पुन्हा विचार करत बसायचं नाही. निघताना धक्क्यावरच्या वहीत कुठे जाणार आणि किती वाजता परतणार ते लिहायचं. होडीत उभं राहायचं नाही. उलटलीच तर होडी सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. आणि लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं. पाण्यात पडल्यावर घालू असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी ओल्या अंगाने स्वेटर घालून बघावा.

सोबतच्या पार्सलात दोन जॅकेटं आहेत, तुझ्या आजोबांच्या होडीवरची. वरचं कापड कुजलं होतं, पण आतला सावरीचा कापूस प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद होता, तो अगदी कोरडा निघाला. जुनं कापड उसवून टाकलं, त्याबरोबर वजन-साल लिहिलेली छापील पट्टीही गेली. तशीही वाचता येत नव्हती. वरून लाल शिडाचं कापड घातलं. आतल्या पिशव्या सरकत होत्या, म्हणून गादीला घालतात तसे आरपार टाके घातले, बोटभर अंतरावर, सरळ रेषेत. अशी बारा जॅकेटं मी इथल्या लोकांना करून दिली आहेत. माझ्या टाक्याला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. तू ठेवून बघ!

जावईबापूंना आशीर्वाद, सासू-सासऱ्यांना नमस्कार सांग. तुझी आई गेली तेव्हापासून तू माझीच आहेस, तेव्हा माझा जीव टांगणीला लावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास कृ. शि. सा. न. वि. वि.

जॅकेटं पोचली आणि आमच्या होडी क्लबात सगळे जळले. क्लबची नारिंगी जॅकेटं म्हणजे नुसती पोती आहेत, वासही तसाच. पण नवीन परवान्याला पहिलं वर्षभर शिट्टी लावलेलं क्लबचंच जॅकेट सक्तीचं आहे, त्यामुळे मी पोत्यात आणि माझे पाहुणे तुझ्या लाल कापडात!

इथले नियम कडक आहेत, म्हणजे फळ्यावर. माणशी एक जॅकेट, त्यावर किती वजनाच्या माणसासाठी आणि कोणत्या सालचं ते वाचता आलं पाहिजे, दर वर्षी तपासणी. प्रत्यक्षात धक्क्यावरचा रखवालदार माणसं मोजतो, जॅकेटं मोजतो आणि हात हलवून सोडतो. तुझी तर इतकी नवी दिसतात की त्याने छापील पट्टी शोधलीच नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

आमच्या मामंजींनी मात्र हट्ट धरला आहे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, गावातल्या टॉवरच्या घड्याळाला आत शिरून तेल घातलं, पण तळ्यावरून तो टॉवर कसा दिसतो ते कधी बघितलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, म्हाताऱ्याला पोहता येत नाही आणि हौस बघा. ते म्हणाले की सून आहे ना कप्तान. वारा जरा सरळ झाला की नेणार आहे त्यांना.

कान दाखवून घे, टाळाटाळ करू नकोस. असंच रागवत राहा, मला त्याची सवय आहे.

तुझी,
भिंगरी


२४ एप्रिल

ती. आत्यास न. वि. वि.

मामंजी गेल्याचं बाबांनी कळवलं असेल. मला लिहायला दोन आठवडे लागले.

शनिवारी दुपारी तीनला निघालो. वहीत लिहिलं, टॉवरसमोरपर्यंत, परत पाचला. त्यांना लाल जॅकेट मी स्वतः घातलं, तिन्ही पट्टे बांधले. त्यांना टॉवर दिसला. घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणाले आणि किती हसले! तेवढ्यात डोंगराकडचं पाणी काळं झालेलं मला दिसलं, म्हणजे वाऱ्याचा झोत येत होता. शीड कमी करावं असं मनात आलं, आत्या, आणि मी थांबले. म्हटलं, त्यांचं बघून होऊ दे. होडी उलटली तेव्हा माझा हात शिडाच्या दोरीवरच होता.

दोघंही होडीला धरून होतो. पहिला पाव तास ते छान तरंगत होते, उलट मलाच धीर देत होते. मग ते हळूहळू खाली जायला लागले. मी त्यांचं जॅकेट धरून वर ओढत होते, तर ते भिजलेल्या गादीसारखं जड लागत होतं. शेवटी दोन्ही हातांनी धरलं आणि होडी सुटली. ठरल्या वेळेला परतलो नाही म्हणून रखवालदाराने मोटरबोट पाठवली, ती सव्वापाचला आली. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सापडले. जॅकेट अंगावर नव्हतं, माझ्या ओढण्यानेच निघालं असेल. ते काही सापडलं नाही.

घरात मला कोणी काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सासूबाई माझं ताट वाढून ठेवतात आणि आत निघून जातात. तुझे जावईबापू घड्याळाच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेले आहेत, वडिलांच्या हत्यारांजवळ. दोन आठवड्यांत त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलेलं नाही.

चौकशी अधिकारी म्हणतात की जॅकेट घातलेला माणूस असा बुडत नाही, म्हणजे ते नीट बांधलं नव्हतं. मला तिन्ही पट्टे बांधल्याचं आठवतं, पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. अठरा मेला सुनावणी आहे. पट्टा माझ्याकडून सैल राहिला असं लिहून देणार आहे. परवाना गेला तर जाऊ दे. या घरात मात्र मी पुन्हा कोणत्या तोंडाने राहू, ते तूच सांग.

तुझी,
भिंगरी


१ मे

चि. भिंगरी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून सांगायचं ते आधी सांगते. पट्टा सैल नव्हता. तुझ्या सासऱ्यांना माझ्या टाक्यांनी बुडवलं.

भिजलेली गादी हे तुझे शब्द वाचले आणि उठून पेटी उघडली. त्याच जुन्या कापसाच्या दोन पिशव्या तिच्यात उरल्या होत्या. एकीला हात लावला नाही. दुसरीला लाल कापड घालून तसेच आरपार टाके घातले. दोन्हींना अर्धी अर्धी वीट बांधली, मागच्या हौदात सोडल्या आणि स्टूल टाकून बसले. बिनटाक्यांची संध्याकाळपर्यंत वर होती. टाक्यांची पाव तास तरंगली, मग जड होत होत तळाला गेली. सावरीचा कापूस कोरडा असतो तोवरच माणसाला पेलतो, म्हणून तर तो पिशवीत बंद करतात. आणि मी मूर्ख बाईने त्या पिशवीला बोटाबोटावर सुईने भोकं पाडली, वर सरळ रेषेत आहेत म्हणून मिरवलं.

छापील पट्टीही मीच उसवून फेकली. ती वाचता येईनाशी झाली म्हणजेच जॅकेट फेकायची वेळ झाली, हे मला कळायला हवं होतं. जुन्या जॅकेटला नवं कापड घालायचं नसतं, नवं जॅकेट घ्यायचं असतं, आणि दर वर्षी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते पेलतं का ते बघायचं असतं. जगाला शहाणपण शिकवत फिरले, पण हे कधी कोणाला विचारलं नाही. शिवणातलं मला कोण काय सांगणार, हा माझा तोरा!

तुझे बाबा परवा येऊन गेले. त्यांना हौद दाखवला. ते म्हणाले की गप्प बस, जॅकेट तळ्याच्या तळाशी आहे, गेलेला माणूस परत येणार नाही आणि पोरीला कळलं तर ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही. दादा काही खोटं बोलत नाही. मी दोन दिवस गप्प बसूनही बघितलं. तुझ्याशिवाय मला कोणी नाही, भिंगरी, आणि तू गेलीस तर मी कोणासाठी उठायचं ते मला माहीत नाही. पण तू न केलेलं स्वतःच्या नावावर लिहून देणार आणि मी इथे तुझ्या पत्राची वाट बघत बसणार, हे माझ्याच्याने होणार नाही.

दुसरं लाल जॅकेट तुझ्याकडे आहे. ते अधिकाऱ्यांकडे दे आणि घरच्यांसमोर पाण्यात सोडायला सांग. मी त्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. इथल्या बारांपैकी दहा जॅकेटं घरोघर जाऊन परत आणली आणि भर बाजारात कात्रीने फाडली. दोन परगावी गेली आहेत, त्यांचा माग काढते आहे. ती हाती लागेपर्यंत दुकान बंद.

लोभ ठेव असं लिहायचा हक्क मला उरलेला नाही. उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. फक्त खोटं लिहून देऊ नकोस.

आत्या


१० मे

ती. आत्यास न. वि. वि.

पत्र येऊन सहा दिवस झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडून टाकणार होते. मग सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांचा चष्मा सापडेना, म्हणून तुझ्या जावईबापूंनी मोठ्याने वाचायला घेतलं. हौदाच्या इथवर आले आणि त्यांना पुढे वाचवेना. उरलेलं मी वाचलं.

परवा अधिकाऱ्यांनी दुसरं जॅकेट वजन बांधून धक्क्यावरून पाण्यात सोडलं. आम्ही तिघंही होतो. अठरा मिनिटं लागली. ते बुडालं तेव्हा तुझे जावईबापू माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं की तू त्यांना शेवटपर्यंत धरलं होतंस ना. मी हो म्हटलं. तिथेच फळ्यांवर बसून आम्ही दोघं रडलो, आणि रखवालदार बिचारा तोंड फिरवून उभा राहिला. आता तो प्रत्येक जॅकेटावरची छापील पट्टी वाचल्याशिवाय कोणाला सोडत नाही. लोक त्याला शिव्या घालतात, तो ऐकून घेतो.

शीड उशिरापर्यंत कमी केलं नाही, ते मात्र माझं आहे आणि ते मी लिहून देणार आहे. त्याचं जे होईल ते होवो. तेवढं माझ्याकडून काढून घ्यायला येऊ नकोस.

सुनावणीला तुलाही बोलावलं आहे, कागद मिळाला असेल. सासूबाईंनी निरोप दिला आहे की त्यांना म्हणावं, आपल्याकडेच उतरा, बाहेर कुठे राहायचं नाही. त्यांनी तुला माफ केलं का ते मी विचारलं नाही. मी केलेलं नाही, आत्या. तुझं अक्षर दिसलं की अंगाची लाही होते, आणि दुसऱ्या क्षणाला तू त्या हौदाशी एकटी बसलेली दिसतेस आणि मला घास जात नाही. दोन्ही एकदमच होतं. कोणतं आधी संपेल ते मला सांगता येत नाही.

सतरा तारखेची गाडी धर, ती इथे दुपारी दोनला येते. मी स्टँडवर असेन. उतरल्या उतरल्या काही बोलू नकोस, मीही बोलेन असं नाही. पण तिथून घर लांब आहे, चढ आहे, आणि तुझ्याने आता ओझं उचलवत नाही. पिशवी मी घेईन.

तुझी,
भिंगरी