साठे साहेबांचा सर्व्हर आणि दादाचे मेल

६ जानेवारी
सर्व्हर आला. बोईसरहून कंपनीपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आले, तान्ह्या पोरासारखा. साठे साहेबांनी (यापुढे सा.) बघून विचारलं, "एवढासाच?" ऑफिसात माणसं मोजकी, पुरेल. आपले कोटेशनचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातात म्हणून स्वतःच्या मेल सर्व्हरचा हा सगळा घाट. माझी नोकरी अजून कच्ची. हे नीट चाललं तर मार्चमध्ये पक्की, असं सा. म्हणालेत.

९ जाने.
मेल येतात, जात नाहीत. इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन केबल हलवून गेला. "मॅडम, ऊपर से ही बंद है." वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही. दोनदा लाइट गेली. पालघरला घरी पोचल्यावर ह्यांच्यावर उगाच खेकसले.

१३ जाने.
मेल गेला एकदाचा, इंटरनेटवाल्यांनी वरून घातलेली बंदी उठवली तेव्हा. गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्येच पडला, फोन करून खात्री केली. सा.कडून सगळ्यांना चहा.
आता फिल्टर. लॉटरी, कर्ज, ताकदीची औषधं, रोज ढीग. हा फिल्टर आपोआप शिकतो. नको तो मेल माणसाने स्पॅममध्ये टाकायचा, तो त्यातले शब्द ध्यानात ठेवतो आणि पुढच्या वेळी स्वतःच अडवतो. सगळ्यांना समजावलं. सा. एवढे खूश का झाले कळेना.

१६ जाने.
कळलं. कंपनीला लागून असलेल्या कुंभवली गावातल्या लोकांचे तक्रारीचे मेल येतात. रात्री कंपनीतून केमिकलचा वास सुटतो, बोअरचं पाणी पिवळं येतं. सा. म्हणाले, "मॅडम, एक नियम लिहा. कुंभवली दिसलं की स्पॅम." म्हटलं, नाही लिहिणार, उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यातही कुंभवली असेल. कारण पटण्यासारखं होतं, पण माझं खरं कारण ते नव्हतं. त्यातले निम्मे मेल माझा सख्खा भाऊ लिहितो. मी कुंभवलीची, हे सा.ना माहीत नाही. सांगायला हवं होतं का? आता तर...

१९ जाने., रविवार
माहेरी. आईने पाणी विकतच्या बाटलीतलं दिलं. ती स्वतः बोअरचंच पिते.
दादा म्हणाला, "आमी मेल धाडतो ते तुमची कंपनी वाचते का नाय?"
वाचतात, म्हटलं.
"मंग उत्तर का नाय?"
मी आईला भात वाढायला सांगितलं.

२४ जाने.
लोडिंगवरचा सुकऱ्या आला. "मॅडम, रजेचा अर्ज मेल केलेला. सायेब बोलतात आलाच नाय." शोधला तर स्पॅममध्ये. त्याच्या वर-खाली बघते तर मराठीतलं झाडून सगळं तिथे. ग्रामपंचायतीचं पत्र, अकाउंट्सच्या बाईंच्या भाच्याची लग्नपत्रिका, सगळं. आमचा धंदा चालतो इंग्रजीत. मराठीत लिहिणारे म्हणजे बहुतेक तक्रारवाले, आणि त्यांना सा. रोज एकेक करून स्पॅममध्ये टाकत होते. फिल्टरने सरळ अर्थ काढला, मराठी म्हणजे नको.
आणि मी नियम लिहिला नाही म्हणून मनातल्या मनात शेखी मिरवत होते. शिकवायची सोय मीच करून दिलेली. फार संताप आला. सा.चा की माझा, सांगता येत नाही.

२५ जाने.
फिल्टर शिकला होता ते सगळं पुसलं. अडकलेले मेल परत इनबॉक्समध्ये टाकले. कुणाला विचारलं नाही.
हाक आलीच. "मॅडम, आठवडाभर किती शांतता होती. काही बिघडलं का?"
"बिघडलं होतं, सर. दुरुस्त केलं."
"मग पुन्हा शिकवू त्याला." हसले. मार्चचा विषय काढला आणि आपणच सोडून दिला. मग मी सांगितलं, ग्रामपंचायतीने पत्रात तक्रारींचा खुलासा मागितलाय, तेव्हा हसू गेलं.

२७ जाने.
हे ऑफिसातच लिहितेय. सकाळपासून एका जागी बसवत नाही. चार वेळा उठून उगाच सर्व्हर बघून आले, तो बिचारा मस्त चाललाय.
सा. म्हणाले, "पंचायत मध्ये आली, आता उत्तरं द्यावीच लागणार. मराठी टायपिंग तुम्हालाच येतं. लिहा, तपासणी केली, वास आमच्याकडून येत नाही. त्या राऊतपासून सुरुवात करा, तोच फार लिहितो."
राऊत म्हणजे दादा.
"तपासणी कधी झाली, सर?"
"तुम्ही लिहा हो."
"माननीय श्री. राऊत यांस, आपला मेल मिळाला." इथवर टाइप झालंय. लहानपणी ज्याच्या पाठीत धपाटे घातले त्याला माननीय. पुढे लिहायला माझ्याकडे दोन वाक्यं आहेत. "तपासणी केली" हे एक लिहिलं तर नोकरी पक्की. "दादा, तपासणी झालीच नाही" हे दुसरं लिहिलं तर मी कुणाची कोण, ते आजच साहेबांना कळेल.
सा. दारात येऊन विचारून गेले, झालं का.
म्हटलं, एकच वाक्य राहिलंय.